प्रबंध सांगा, पत्ता सांगू नका

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ‘सारथी’ या राज्य सरकारच्या संस्थेच्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला, तेव्हा पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार आहेत, असा सवाल तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी केला होता. त्यावर व्हायचा तो गदारोळ झाला. सूर अपमानकारक होता यात शंका नाही, आणि ज्या घरांतून पहिल्यांदाच कुणी संशोधनापर्यंत पोचलंय त्या घरांना तो जास्त लागला. पण सूर बाजूला ठेवला तर प्रश्न रास्त आहे. बार्टी, सारथी, महाज्योती अशा सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या लोकांच्या पैशातून दिल्या जातात. चार-पाच वर्षं तू नेमकं काय शोधलंस, असं लोकांनी विचारलं तर त्यांना कळेल अशा भाषेत सांगता आलं पाहिजे. ‘सामाजिक-आर्थिक स्थितीचा चिकित्सक अभ्यास’ हे काही उत्तर नव्हे, ते प्रबंधाच्या पुठ्ठ्यावरचं शीर्षक झालं.

सांगायला हवं हे सरकारलाही पटलेलं आहे. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०१८ साली ‘अवसर’ नावाची स्पर्धा सुरू केली; पीएच.डी. करणाऱ्यांनी आपलं काम सामान्य वाचकासाठी लिहायचं आणि बक्षीस मिळवायचं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात २००८ मध्ये निघालेला, तीन मिनिटांत आणि एकाच स्लाइडवर अख्खा प्रबंध सांगण्याचा प्रकार आपल्याकडेही आला आहे. मी या सगळ्याच्या बाजूने आहे. माझं भांडण आहे ते अशा लेखनाच्या कार्यशाळांमधून सर्रास दिल्या जाणाऱ्या एका सल्ल्याशी: आकडे नकोत, माणूस दाखवा, एखाद्या बाईची गोष्ट सांगून सुरुवात करा.

मराठीत विज्ञान सोपं करून सांगण्याची परंपरा जुनी आणि चांगली आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून तेच काम करते आहे. जयंत नारळीकरांनी ताऱ्यांचा जन्म आणि मृत्यू शाळकरी पोरांनाही समजेल असा सांगितला. पण तारे तक्रार करत नाहीत. त्यांची लग्नं मोडत नाहीत, त्यांना भावकी नसते. जी परंपरा तारे, अणू आणि डार्विनवर पोसली गेली, तिला शेजारच्या तालुक्यात राहणाऱ्या, हातात मोबाइल असलेल्या माणसांवरचं संशोधन कसं सांगावं याचे संकेत घडवायची वेळच आली नाही. आज समाजकार्य, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, परिचर्या, सार्वजनिक आरोग्य अशा विषयांत मुलं-मुली प्रबंध लिहीत आहेत, आणि लिहिताना वस्त्यांवर, पाड्यांवर, दवाखान्यांत, तुरुंगांत जाऊन माणसांशी बोलत आहेत. त्यांना ताऱ्यांचा धडा पुरणार नाही.

समजा, एका विद्यार्थिनीने नवऱ्याने सोडलेल्या स्त्रियांवर काम केलं. प्रबंधात तिने एकीची केस घेतली, नाव बदलून ‘सुनीता’ ठेवलं. वय ३४, दोन मुली, अंगणवाडीत मदतनीस, भाऊ पुण्यात रिक्षा चालवतो, सासर पलीकडच्या तालुक्यात. हे सगळं इंग्रजीत, चौथ्या प्रकरणात, तक्त्यांच्या मध्ये दडलेलं. प्रबंध जमा झाला, व्हायवा झाली, पदवी मिळाली. चौथं प्रकरण मार्गदर्शक आणि परीक्षक सोडून कुणी वाचलं नाही. मग कुणी तरी म्हणालं, हे लोकांपर्यंत जायला हवं. तिने मनापासून, सोप्या मराठीत लिहिलं, सुरुवात सुनीतापासून केली आणि फेसबुकवर टाकलं. आता हे त्या बाईच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचायला किती वेळ लागेल? तिथे पोचल्यावर ‘नाव बदललं आहे’ या कंसातल्या टीपेला काय किंमत आहे? गावात माणूस ओळखायला नाव ही सगळ्यात कमी लागणारी माहिती असते. वर्तमानपत्रं पाठमोरा फोटो छापतात, चेहरा पुसट करतात. गावातली बाई नुसत्या पदरावरून सांगते, ही अमक्याची सून.

म्हणजे इतकी वर्षं त्या बाईला कुणी सांभाळलं? संशोधनाच्या नीतिनियमांनी नव्हे, बदललेल्या नावानेही नव्हे. तिला सांभाळलं प्रबंधाच्या कंटाळवाणेपणाने. क्लिष्ट इंग्रजी, ग्रंथालयातली धूळ आणि न वाचण्याची आपली थोर सवय, हाच तिचा पडदा होता. सोपं सांगायला निघालेला माणूस हा पडदा काढतो, आणि काढलाच पाहिजे. पण मग त्याच्या जागी दुसरं काही लावण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते. हे गुरुजी सांगत नाहीत, कारण गुरुजींचे प्रबंध कुणी वाचलेच नव्हते.

नाव काढलं की ओळख गेली, ही समजूत किती पोकळ आहे हे एका विद्यार्थिनीनेच दाखवून दिलं आहे. १९९०च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी नावं गाळून संशोधकांना दिल्या गेल्या होत्या. एमआयटीत शिकणाऱ्या लतान्या स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही याद्या ताडून पाहिल्या. खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या जन्मतारखेची त्या शहरात सहा माणसं होती, त्यांत पुरुष तीन, आणि त्यांच्या पोस्टाच्या विभागात एकच. गव्हर्नरसाहेबांचे आजार सापडले. पुढे २००० साली स्वीनी यांनी हिशेब मांडला, की पोस्टाचा पाच आकडी क्रमांक, जन्मतारीख आणि लिंग या तीनच गोष्टींवरून ८७ टक्के अमेरिकन माणसं एकमेवपणे ओळखता येण्याची शक्यता आहे.

हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा आणू नये. आपल्या एका पिनकोडात माणसं जास्त असतात आणि कित्येकांची कागदावरची जन्मतारीख शाळेच्या मास्तरांनी लावलेली एक जून असते. पण आपल्याकडे ओळखीच्या दुसऱ्या खुणा आहेत, आणि त्या जन्मतारखेहून धारदार आहेत. गावाला सरपंच एक असतो. पोलीस पाटील एक. आशा कार्यकर्ती साधारण हजार लोकसंख्येमागे एक. तेव्हा हजार वस्तीच्या गावाचं नाव देऊन ‘आशाताईंनी आम्हाला सांगितलं’ असं लिहिणं म्हणजे तिचं नाव छापणंच आहे. आणि जात. बऱ्याच गावांत काही जातींचं घर एकच असतं. ‘या गावातल्या परीट समाजातल्या विधवेने सांगितलं’ या वाक्यात आडनाव लिहायची गरज उरत नाही. प्रबंधाच्या तक्त्यात जात, वय, शेतीचे एकर, शिक्षण असे रकाने असतात आणि प्रत्येक रकाना वेगळा पाहिला तर निरुपद्रवी दिसतो. एकत्र ठेवले की दार सापडतं.

माणूस सोडाच, संस्थाही लपत नाही. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ‘ईशान्येकडच्या एका विद्यापीठातल्या’ १,६४० विद्यार्थ्यांची फेसबुकवरची माहिती अभ्यासासाठी खुली केली. नावं काढली होती, विद्यापीठाचं नाव सांगितलं नव्हतं. मायकेल झिमर या अभ्यासकाने ती मूळ माहिती उघडलीसुद्धा नाही. सोबत दिलेल्या माहितीपत्रकात कुठले विषय शिकवले जातात याची यादी होती आणि काही वर्णनं होती. मुख्यतः तेवढ्यावरून ते विद्यापीठ हार्वर्ड आहे हे त्यांनी सांगितलं. संशोधकांना तो संग्रह मागे घ्यावा लागला. आपल्याकडे तर प्रबंधाच्या पहिल्या पानावर विद्यापीठ आणि मार्गदर्शक असतात, आभारात ‘ज्यांच्या सहकार्याशिवाय’ म्हणून ग्रामसेवक, मुख्याध्यापक, डॉक्टर यांची नामावळी असते, आणि चौथ्या प्रकरणात ‘गाव अ’ आणि ‘गाव ब’. आभाराचं पान वाचून ‘गाव अ’ कोणतं हे त्या तालुक्यातलं शेंबडं पोर सांगेल.

इथे एक सोयीचा युक्तिवाद नेहमी पुढे येतो: ही माहिती गुप्त कुठे होती? गावाला माहीतच आहे, तिने स्वतःच फेसबुकवर टाकलंय. २०१६ मध्ये डेन्मार्कमधल्या एका विद्यार्थ्याने साथीदारांसह एका डेटिंग संकेतस्थळावरच्या सुमारे ७० हजार लोकांची माहिती, वापरकर्ता-नावं आणि लैंगिक आवडीनिवडींसकट, संशोधनासाठी म्हणून खुली केली. लोकांनी जाब विचारल्यावर त्याचं म्हणणं तेच, की ती आधीच सार्वजनिक होती. आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा या युक्तिवादाला दुर्दैवाने जागा देतो. माणसाने आपणहून सार्वजनिक केलेली माहिती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. शिवाय संशोधनासाठी स्वतंत्र सूट आहे: त्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेले निकष पाळायचे, एवढ्या अटींवर. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला खरा, पण चौथ्या प्रकरणातली सुनीता त्यासाठी दिल्लीला जाणार नाही. तेव्हा ‘कायद्यात बसतं’ हे उत्तर देऊन संशोधकाची सुटका होत नाही. बाजारात चार बायकांना माहीत असलेली गोष्ट आणि नाव शोधल्याबरोबर वीस वर्षांनीही वर येणारी गोष्ट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार बायका विसरतात. विषय बदलतात. त्यांतली एखादी बाजूही घेते.

काही जण म्हणतील, मग नुसते आकडे सांगा, प्रश्न मिटला. तसा तो मिटत नाही. डॉ. राणी आणि अभय बंग यांचा एक निबंध जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांनी दाखवलं, की ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग आहे. ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढ्यापुरतंच पाहणाऱ्यांना त्या निबंधाने खडबडून जागं केलं. त्याचं मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. पण ९२ हा आकडा नुसता आकडा म्हणून बघा. प्रमाण जेव्हा शंभराच्या इतकं जवळ जातं, तेव्हा गावाचं नाव कळणं म्हणजे गावातल्या जवळजवळ प्रत्येक बाईबद्दल कळणं. इथे कुणाचं नाव लपवून उपयोग नसतो, गाव लपवावं लागतं. १९८९ साली लंडनचं नियतकालिक गडचिरोलीत कुणाच्या खिशात नव्हतं. असाच आकडा आज एखाद्या पीएच.डी.च्या मुलीला सापडला तर त्याचं रील संध्याकाळपर्यंत त्या गावात पोचेल, आणि पोरं एकमेकांना टॅग करतील.

याचं कडू उदाहरण आपल्याकडे बीडचं आहे. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याच्या बातम्या २०१९ मध्ये देशभर गेल्या. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२ हजारांवर स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. हे उजेडात येणं गरजेचं होतं. पत्रकारांनी आणि कार्यकर्त्यांनी ते लावून धरलं नसतं तर समितीही झाली नसती. पण त्या काळात एका गावाचं नाव ‘पिशवी नसलेल्या बायकांचं गाव’ अशा धाटणीच्या मथळ्यांमधून जगभर गेलं. मी ते नाव इथे लिहीत नाही. त्या गावातली मुलगी बघायला येणाऱ्याने फोनवर गावाचं नाव शोधलं तर आजही पहिलं काय दिसेल, एवढाच विचार करावा.

आणि त्या बातम्यांतली, नंतरच्या लेखांतली, भाषणांतली एक गोष्ट मला खटकत आली आहे. गावाचं नाव ठळक, बाईचं वय आणि फोटो ठळक, पण शस्त्रक्रिया करणारा दवाखाना पुष्कळदा ‘एक खासगी रुग्णालय’. उचल देणारा मुकादम निनावी. खाडा पडला की दंड कापणारी पद्धत कुठल्या कारखान्यांच्या हद्दीत चालते, तेही मोघम. ज्याच्याकडे वकील आहे त्याची ओळख राखायची आणि जिच्याकडे कोयत्याशिवाय काही नाही तिची उघडी करायची, हे उलटं आहे. पुरावा असेल तर नाव वरच्याचं घ्यावं. पुरावा नसेल तर कुणाचंच घेऊ नये. संशोधनाच्या विद्यार्थ्याला हे पत्रकारापेक्षा सोपं आहे, कारण त्याला सकाळची आवृत्ती गाठायची नसते.

यावर एक वजनदार आक्षेप आहे, आणि तो मला पुरता मान्य आहे. नाव लपवणं ही दर वेळी दया नसते. पुष्कळदा ती चोरी असते. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, महाराष्ट्राच्या हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळाने त्या प्रसिद्ध करायला घेतल्या, तेव्हा प्रत्येक ओवीला गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव जोडलं, शक्य तिथे तिचा आवाज आणि फोटोही दिला. तिथे ‘माहितीदाती क्रमांक १७’ असं लिहिणं हा अपमान ठरला असता. ती माहिती देत नव्हती, ती रचत होती. पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या रचना ‘लोकपरंपरा’ म्हणून निनावी झाल्या आणि संग्राहकाचं नाव मुखपृष्ठावर आलं, ही आपल्या अभ्यासाची जुनी खोड आहे. तमाशातली कलावंत, शाहीर, आंदोलनात लाठ्या खाल्लेली बाई, बियाणं राखणारी आदिवासी शेतकरीण, यांतल्या कित्येकांना आपलं नाव हवं असतं आणि ते त्यांना मिळालं पाहिजे.

पण ओवी सांगतानाही नवऱ्याच्या मारहाणीची ओवी आली तर? तीच बाई पहिल्या ओवीला नाव लाव म्हणेल आणि दुसरीला नको म्हणेल. म्हणून नावाची परवानगी घाऊक मागता येत नाही. आपल्या संमतीपत्रावर खाली एक सही किंवा अंगठा असतो आणि वर बारीक अक्षरात सगळं येतं: मुलाखत, ध्वनिमुद्रण, फोटो, प्रबंध, ‘अन्य शैक्षणिक उपयोग’. त्या ‘अन्य’मध्ये यूट्यूब बसतं का? मला वाटतं बसत नाही. बोलायला हो म्हणणं वेगळं, नाव छापायला हो म्हणणं वेगळं आणि फोनवर फिरायला हो म्हणणं आणखी वेगळं. ही तीन विचारणी स्वतंत्र व्हायला हवीत, आणि तिसरी तर मजकूर तयार झाल्यावर, तो वाचून दाखवून. त्यासाठी परत गावाला जावं लागेल. एसटीचं भाडं अधिछात्रवृत्तीत बसवा. संशोधकाने माहिती घ्यायला चार फेऱ्या मारायच्या आणि सांगायला एकही नाही, हा व्यवहार तसाही बरा दिसत नाही.

वाचून दाखवण्याचा मुद्दा मी शिष्टाचारापुरता मांडत नाही. संशोधन सामान्य माणसाला समजावून सांगायचं म्हणतो, तेव्हा हा सामान्य माणूस आपल्या डोळ्यांसमोर कोण असतो? पुण्या-मुंबईतला, लेख शेअर करणारा वाचक. पण ज्या माणसाच्या आयुष्यावर प्रबंध उभा आहे, तो पहिला सामान्य माणूस. त्याला सांगून पाहिलं की दोन गोष्टी एकदम तपासल्या जातात. आपण सांगतोय ते खरंच सोपं आहे का, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. आणि कुठल्या तपशिलाने घर ओळखू येतं, हे तो लगेच सांगतो. ‘ताई, हे विहिरीचं काढा, सगळ्यांना कळंल.’ विद्यापीठाच्या नैतिकता समितीतल्या कुठल्याही प्राध्यापकाला त्या विहिरीचा पत्ता लागला नसता.

हे न करण्याचे परिणाम गंमतशीरही असू शकतात. न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावात संशोधक राहिले, ओळख उघड होणार नाही असं आश्वासन दिलं गेलं आणि १९५८ मध्ये गावाला आणि माणसांना खोटी नावं देऊन पुस्तक निघालं. पुस्तक वाचनीय होतं, तिथेच घोटाळा झाला. गावकऱ्यांनी ते वाचलं आणि कोण कोण आहे ते ओळखलं. पुढच्या चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीत मंडळी मुखवटे घालून, अंगावर पुस्तकातली खोटी नावं लावून गाडीवर बसली. मागून शेणखताची गाडी, आणि तिच्यावर ओणवा झालेला लेखकाचा पुतळा. आपल्याकडे एवढ्या विनोदावर भागेल याची खात्री देता येत नाही.

मग माणूस दाखवायचा नाही तर सांगायचं काय? माझं म्हणणं, शोध सांगा. आपल्याला हे कसं कळलं, ही गोष्ट सांगा. तीच संशोधकाची स्वतःची गोष्ट आहे आणि तीच सांगितली जात नाही. बंग दांपत्याच्या त्या निबंधाकडे पुन्हा पाहू. त्यात खरं नाट्य कशात आहे? तोवरचे आकडे दवाखान्यात येणाऱ्या बायकांवरून काढलेले असत. दवाखान्यात येते कोण? जिला सांगता येतं, जिला सोबत मिळते, जिला दुखणं असह्य झालंय. न येणाऱ्या बाईचं दुखणं मोजायचं तर वाट बघत बसून चालत नाही, अख्ख्या गावाकडे जावं लागतं. ‘मला काही होत नाही’ म्हणणारीलाही तपासावं लागतं. हे वाक्य आठवीच्या मुलीला कळतं, त्यात कुणाची अब्रू जात नाही, आणि ते कळलेली मुलगी उद्या कुठलीही ‘पाहणी’ वाचताना विचारेल, की यांनी नेमकं कुणाला विचारलं होतं? त्यांचाच १९९९ चा नवजात बालकांवरचा अभ्यास घ्या. ३९ गावांत घरोघरी बाळांची काळजी घेण्याची व्यवस्था केली, ४७ गावं तुलनेसाठी ठेवली, आणि पहिल्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दाखवलं. ती ४७ गावं कशाला लागतात, हे एकदा नीट समजावून सांगितलं तर औषधांच्या जाहिरातींपासून सरकारी योजनांच्या दाव्यांपर्यंत सगळं तपासायचं हत्यार वाचकाच्या हाती येतं. रडणाऱ्या आईचा फोटो हे हत्यार देत नाही. तो पाहून वाचक हळहळतो आणि पुढे सरकतो.

तरी माणसाशिवाय जमेना, तर चार-पाच मुलाखतींतून एक काल्पनिक व्यक्ती उभी करता येते, मात्र ती काल्पनिक आहे असं पहिल्याच ओळीत सांगून. वरची सुनीता तशीच आहे. ललित लेखकाला हे मोकळेपण आहे, मग संशोधकाने ते वापरायला संकोच कशाला? आकडे मात्र असे बनवता येत नाहीत, हे सांगायला नको.

अलीकडे एक नवी वाट फुटली आहे. इंग्रजी प्रकरण किंवा अख्खी मुलाखत उचलायची, एखाद्या फुकट चॅटबॉटमध्ये टाकायची आणि म्हणायचं, ‘सोप्या मराठीत करून दे.’ ध्वनिमुद्रणं तशीच, शब्दांकनासाठी. लेख छापून येण्याच्या आधीच, कुणी न वाचता, त्या बाईचं सगळं बोलणं तिसऱ्याच्या संगणकावर जाऊन बसतं. वेळ वाचतो हे कबूल. वऱ्हाडी किंवा अहिराणीतली दोन तासांची मुलाखत उतरवून काढणं किती जिवावर येतं, हे करणाऱ्यालाच माहीत. पण तिने बोलणं विश्वासाने दिलं ते समोर बसलेल्या मुलीला. यंत्राला द्यायचंच असेल तर आधी नावं, गावं, नाती काढून द्यावं, आणि मूळ ध्वनिमुद्रण तर देऊच नये. मार्गदर्शकांनी यावर बोलायला हवं. पण बरेच मार्गदर्शक स्वतःच विद्यार्थ्यांना कुठलं ॲप चांगलं म्हणून विचारत असतात.

संशोधकाच्या स्वतःच्या खासगीपणाबद्दल थोडक्यात. लोकांसमोर या, प्रोफाइल बनवा, असं विद्यार्थ्यांना सांगितलं जातं. जात, धर्म, लैंगिकता, इतिहास यांवर काम करणारी मुलगी लोकांसमोर आली की काय होतं, हे कुठल्याही कमेंटच्या रांगेत दिसेल. अनेकदा मोबाइल नंबर आणि घरचा पत्ता तिच्याच प्रबंधाला जोडलेल्या परिचयपत्रातून मिळतो. विभागाचा ईमेल पुरतो, फोटोची सक्ती नसावी, आणि व्याख्यानाच्या पोस्टरवर विद्यार्थिनीचा नंबर छापणं बंद करावं. यात विचार करण्यासारखं फार काही नाही, करून टाकण्यासारखं आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार पीएच.डी.चे प्रबंध गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ या संस्थेकडे द्यावे लागतात, आणि ‘शोधगंगा’ या तिच्या ऑनलाइन संग्रहात ते कुणालाही उघडता येतात. ही फार चांगली सोय आहे. चोरी पकडली जाते, खेड्यातल्या विद्यार्थ्याला घरबसल्या संदर्भ मिळतात. पण जमा करताना विद्यापीठाचा विभाग बघतो काय? मजकुराची उचलेगिरी किती टक्के आहे ते सॉफ्टवेअर सांगतं. परिशिष्टात मुलाखत दिलेल्यांची यादी, नाव-गाव-वय-मोबाइलसकट, तशीच आहे का, हे कुठलंच सॉफ्टवेअर तपासत नाही आणि माणूसही तपासत नाही. मुलाखतींची यादी हा प्रामाणिकपणाचा पुरावा मानला जातो. तो परीक्षकासाठी असावा, बंद पाकिटात. जमा होणाऱ्या प्रतीत त्याची गरज नाही. हा बदल उद्यापासून करता येईल, त्याला नवा कायदा लागत नाही, कुलगुरूंचं एक परिपत्रक पुरेल. अवघड आहे ते आधीच चढलेल्या प्रबंधांचं. ते सगळे चाळायला माणसं लागतील आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे यावर पत्रव्यवहार होईल. सगळे एकदम नकोत. एचआयव्ही, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची कुटुंबं, कौटुंबिक हिंसा, आणि लैंगिक अत्याचार, या चार विषयांवरच्या प्रबंधांची परिशिष्टं आधी काढावीत. ग्रंथपालांना हे प्रबंध विषयवार शोधता येतात.